मोबाईल काढून घेण्याआधी: मुलीची शरीरप्रतिमा, इन्स्टाग्राम आणि घरातली कामं

मे महिन्याच्या उकाड्यातही क्लासला जाताना अंगावर जॅकेट. ग्रुप फोटोत मागच्या रांगेत सरकणं. ताटातली दुसरी पोळी हळूच परत डब्यात. अशी दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली की घरच्यांचा पहिला राग मोबाईलवर निघतो आणि तो कपाटात जातो. चार दिवस धुसफूस होते. पाचव्या दिवशी मैत्रिणीच्या फोनवरून तेच अकाउंट उघडतं आणि आता ते तुमच्यापासून लपवून चालतं.

मोबाईलचा काहीच दोष नाही असं नाही. 2021 मध्ये इन्स्टाग्रामची मालकी असलेल्या फेसबुकचे अंतर्गत कागद बाहेर आले. स्वतःच्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढलं, असं 32 टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याची नोंद कंपनीच्याच माणसांनी केलेली होती. ‘आधीच वाईट वाटत असताना’ हा भाग बातम्यांत गळून पडतो, पण घरच्यांसाठी मुद्दा तोच आहे. ते आधीचं वाईट वाटणं बरेचदा जेवणाच्या टेबलावर, लग्नाच्या मांडवात, शाळेच्या बसमध्ये सुरू झालेलं असतं आणि फीड, म्हणजे अॅप तिच्यापुढे ठेवत राहतं ती पोस्ट-रील्सची रांग, त्याला खतपाणी घालतं. म्हणून कामाचा क्रम असा: आधी घरातली बोलणी, मग फीड, मग कॅमेरा आणि शेवटी वेळेचं बंधन. बहुतेक घरांत वेळेपासून सुरुवात होते आणि गाडी तिथेच अडकते.

घरातली बोलणी

दोन आठवडे घरात कुणाच्याही वजनाबद्दल, रंगाबद्दल, पुरळांबद्दल, केसांबद्दल आणि उंचीबद्दल बोलायचं नाही. ‘किती सुटलीस गं’, ‘उन्हात फिरू नकोस, काळवंडशील’ ही वाक्यं बंद करायला हवीत हे सगळ्यांना कळतं. निसटतात ती दुसरीच.

एक म्हणजे कौतुक. ‘अगं, बारीक झालीस, छान दिसतेस!’ हे वाक्य टोमण्यापेक्षा जास्त नुकसान करू शकतं. मुलगी आठवडाभर डबा न खाता घरी आणत असेल, तर त्या उपासमारीला तुम्ही नकळत बक्षीस दिलेलं असतं. दुसरं म्हणजे स्वतःबद्दलचं बोलणं. आई आरशासमोर उभी राहून ‘माझं पोट बघ कसं झालंय’ म्हणते आणि मुलगी पलंगावर बसून ते ऐकत असते. ठाण्या-नवी मुंबईतल्या वन बीएचकेमध्ये कुठलंच बोलणं खासगी नसतं. आतल्या खोलीत फोनवर बोललेलंही बाहेर ऐकू जातं.

नातेवाईकांना थांबवायचं वाक्य आधीच तयार ठेवा, कारण ऐन वेळी सुचत नाही. ‘आत्या, तिच्या वजनाचा विषय नको. तिचं कथकचं काय चाललंय ते विचारा.’ आवाज साधा ठेवायचा, पण हे मुलीच्या समोरच म्हणायचं. नंतर स्वयंपाकघरात कुजबुजलेलं तिच्यापर्यंत पोचत नाही. घरात आजी असेल तर हे काम बाबांनी आपल्या आईशी बोलून करावं. सुनेने सासूबाईंना सांगितलं की वाद दोघींचा होतो आणि मुलगी बाजूला राहते.

वयात येण्याचं शास्त्रही तिला सरळ सांगा, रील सांगण्याआधी. पाळी सुरू होण्याच्या आसपास मुलींच्या अंगावर चरबी वाढते, मांड्या आणि कंबर रुंदावतात. हे शरीराचं ठरलेलं काम आहे, आळशीपणाचा पुरावा नाही. मोठेपणीच्या वजनापैकी जवळपास अर्धं वजन किशोरवयातच अंगावर येतं. पाळी आल्यावर उंची साधारण 5 ते 7 सेंटीमीटरच वाढते, त्यामुळे ‘पंधरा दिवसांत उंची वाढवा’ छाप व्यायामांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. वजनाची खरोखर वैद्यकीय काळजी असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि वाढीच्या तक्त्यावर ते बघू द्या. वजनकाटा घरात दिसेल असा ठेवू नका.

पंधरा मिनिटं शेजारी बसून बघा

सेटिंगला हात लावण्याआधी एक बैठक करा. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर. तिचा फोन तिच्याच हातात राहू द्या. तुम्ही शेजारी बसा, समोर नाही. तीस रील्स बघायच्या आणि प्रत्येकीनंतर तिने फक्त एक शब्द म्हणायचा: ‘आवडलं’, ‘काही नाही’ किंवा ‘खुपलं’. कागदावर रेघा मारा. तुम्ही काहीही बोलायचं नाही, नाक मुरडायचं नाही, ‘हे काय बघतेस’ तर अजिबात नाही.

ती ‘खुपलं’ म्हणेल त्या रील्स तुम्हाला वाटल्या होत्या त्यातल्या नसतील, याची तयारी ठेवा. तोकडे कपडे घातलेली नटी तिला बहुधा खुपत नाही. ती दूरची आहे. खुपते ती बरोबरीची मुलगी: त्याच वयाची, तसाच युनिफॉर्म, तसाच जिना, फक्त चेहरा गुळगुळीत आणि खाली ओळ ‘नववी ते दहावी ग्लो अप’, म्हणजे वर्षभरात रूप कसं पालटलं ते. तुलना जवळच्याशी होते. म्हणूनच ‘अगं, ते सगळं खोटं असतं’ हे उत्तर चालत नाही. ती मुलगी तिच्या क्लासमधली असते, आणि खोटी नसते.

सगळंच खुपतं असंही निघणार नाही. मेंदी, कथक, स्केचिंग, गणिताच्या युक्त्या, मांजरं यांवर ‘आवडलं’च्या रेघा पडतील. त्या जपायच्या आहेत. पुढचं काम करताना हा कागद समोर ठेवा.

फीड स्वच्छ करणं

पहिली तपासणी जन्मतारखेची. इन्स्टाग्रामची किमान वयोमर्यादा 13 आहे. सहावी-सातवीत अकाउंट काढताना पुष्कळ मुली जन्मसाल मागे ढकलतात, आणि अॅपच्या लेखी चौदाव्या वर्षीच एकवीस वर्षांच्या होतात. मग किशोरांसाठीची कुठलीही सुरक्षा त्या अकाउंटला लागू होत नाही. अकाउंट्स सेंटरमध्ये पर्सनल डिटेल्स, तिथे बर्थडे बघा आणि खरी तारीख घाला. फेब्रुवारी 2025 पासून भारतातही टीन अकाउंट्स आली आहेत: अकाउंट आपोआप प्रायव्हेट, अनोळखी लोकांचे मेसेज बंद, संवेदनशील मजकुरावर कडक गाळणी, 60 मिनिटांनंतर आठवण आणि रात्री 10 ते सकाळी 7 नोटिफिकेशन गप्प. 16 च्या खालच्या मुलीला हे नियम सैल करायचे असतील तर पालकांची परवानगी लागते.

दुसरं काम रीसेट, म्हणजे अॅपने तिच्या आवडीबद्दल बांधलेले अंदाज पुसून फीड कोरं करणं. प्रोफाइल, वरच्या तीन आडव्या रेघा, ‘कन्टेन्ट प्रेफरन्सेस’, तिथे सगळ्यात खाली ‘रीसेट सजेस्टेड कन्टेन्ट’. अपडेटबरोबर मेनूची जागा बदलते. सापडलं नाही तर सेटिंगमधल्या शोधपट्टीत रीसेट लिहा. हे एकदा केलं की मागे फिरवता येत नाही, म्हणून तिला विचारूनच करा.

इथे बहुतेकांचं काम फसतं, त्याची तीन कारणं आहेत. रीसेटने तिने फॉलो केलेली खाती जात नाहीत. ती तशीच राहिली तर आठ-दहा दिवसांत फीड जुन्या वळणावर येतं. ‘खुपलं’ यादीतली खाती हाताने अनफॉलो करा. वर्गातली मुलगी असेल आणि अनफॉलो केल्यावर बोभाटा होणार असेल तर म्यूट करा, समोरच्याला ते कळत नाही. दुसरं कारण असं की अॅप लाईकपेक्षा थांबण्याकडे जास्त बघतं. पोट सपाट करण्याच्या रीलवर चिडून थांबलात, कमेंट वाचल्या, ‘बघ गं हे काय’ म्हणून मैत्रिणीला पाठवली, तरी त्याच्या हिशेबात ती आवड असते. नको ते दिसलं की न थांबता पुढे. वारंवार येत असेल तर तीन टिंबांवर जाऊन ‘नॉट इंटरेस्टेड’. तिसरं, रीसेटनंतरचे पहिले काही दिवस मोलाचे. फीड कोरं असतं आणि जे मिळेल ते शिकतं. त्या दिवसांत ‘आवडलं’ यादीतले विषय मुद्दाम शोधा, शेवटपर्यंत बघा, सेव्ह करा.

तिसरं काम शब्दांची गाळणी. ‘कन्टेन्ट प्रेफरन्सेस’मध्येच ठरावीक शब्द असलेल्या सुचवलेल्या पोस्ट लपवायची सोय आहे. वेट लॉस, थाय गॅप, ग्लो अप, जॉलाईन, व्हाइटनिंग, ‘एका दिवसात मी काय खाते’ हे शब्द घाला. प्रत्येक शब्द रोमन लिपीत आणि देवनागरीत, दोन्ही प्रकारे घाला; मराठी मुलीही कॅप्शन रोमनमध्येच लिहितात आणि एकाच लिपीत भरलेली गाळणी निम्मी निकामी ठरते.

यूट्यूब विसरू नका. शॉर्ट्समध्ये हाच मसाला असतो आणि घरचे त्याला ‘अभ्यासाचं अॅप’ समजून सोडून देतात. हिस्टरी पुसा आणि नको त्या चॅनेलवर तीन टिंबांतून ‘डोन्ट रेकमेंड चॅनेल’ दाबा.

पालकांच्या देखरेखीची सोय, म्हणजे सुपरव्हिजन, चालू करायची की नाही? 13-14 वर्षांसाठी चालू करावी, पण तिला सांगून. गेल्या सात दिवसांत तिने कुणाला मेसेज केले ते त्यात दिसतं. आत काय लिहिलं ते दिसत नाही, आणि तेच बरं. गुपचूप हेरगिरीचं अॅप टाकणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. ते उघडकीला येतंच, आणि त्यानंतर काही बिनसलं तर ती तुमच्याकडे येत नाही.

कॅमेऱ्याचा प्रयोग

याला अर्धा तास आणि एक शाळेची लांब पट्टी लागते. मुलीबरोबर करा, आणि आधी फोटो तुमचा काढा.

फ्रंट कॅमेरा चेहऱ्यापासून पट्टीच्या लांबीवर, म्हणजे 30 सेंटीमीटरवर धरून एक फोटो. मग फोन पुस्तकांच्या चळतीवर टेकवून, टायमर लावून, दीड मीटरवरून दुसरा. चेहराही तोच, कॅमेराही तोच. दुसरा फोटो कापून चेहरा पहिल्याएवढा करा आणि दोन्ही शेजारी ठेवा. पहिल्यात नाक मोठं, कान मागे गेलेले, कपाळ अरुंद. 2018 मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या डॉक्टरांनी याचं गणित मांडलं: 30 सेंटीमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा जवळपास 30 टक्के रुंद दिसतं. कॅमेऱ्याला जे जवळ ते मोठं. नाक चेहऱ्यात सगळ्यात पुढे, म्हणून मार त्यालाच. ‘माझं नाक घाणेरडं आहे’ म्हणणाऱ्या मुलीने आयुष्यभर स्वतःला हातभर अंतरावरूनच बघितलेलं असतं. बाकी जग तिला चार-पाच फुटांवरून बघतं.

आता उजेड. आधी डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली उभं राहून, मग खिडकीकडे तोंड करून. ट्यूबलाइटखाली डोळ्यांखाली सावली पडते, पुरळ उठून दिसतात. खिडकीच्या उजेडात तोच चेहरा बराच नितळ वाटतो. पुरळ घालवायला एका मिनिटात कुठलंही क्रीम पुरत नाही, जागा बदलणं पुरतं.

मग फोनची सेटिंग. कित्येक फोनांत ब्यूटी मोड विकत घेतल्यापासूनच चालू असतो. कॅमेरा उघडा, फ्रंटवर जा, ब्यूटी किंवा चेहऱ्याच्या खुणेवर दाबून सगळ्या पट्ट्या शून्यावर आणा. व्हिडिओसाठी वेगळी पट्टी असते, तीही बघा. ब्यूटी मोडचा खरा त्रास आरशासमोर होतो: फोनमधला गुळगुळीत चेहरा हाच आपला खरा चेहरा असं डोळ्यांना वळण पडलं की आरशातला चेहरा बिघडलेला वाटायला लागतो. फिल्टर लावलेला स्वतःचा फोटो घेऊन ‘मला असं करून द्या’ म्हणत लोक येतात, असं प्लास्टिक सर्जननी 2018 पासून नोंदवलं आहे. कुत्र्याचे कान आणि चष्मे लावणाऱ्या फिल्टरबद्दल भांडू नका. नाक, ओठ, जबडा, रंग बदलणारे तेवढे वगळा.

वेळ: किती, आणि कुठे

कॅनडात 17 ते 25 वयाच्या, मनाने अस्वस्थ असलेल्या आणि सोशल मीडिया भरपूर वापरणाऱ्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. 2023 मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका गटाने तीन आठवडे रोजचा वापर 60 मिनिटांवर आणायचा प्रयत्न केला, दुसरा गट नेहमीसारखा राहिला. कमी करणाऱ्यांना स्वतःच्या दिसण्याबद्दल आणि वजनाबद्दल बरं वाटू लागलं, दुसऱ्या गटात फरक पडला नाही. त्यांना प्रत्यक्षात एक तास साधला नाही, सरासरी 78 मिनिटांवर गाडी आली. तरी उपयोग झाला. त्यामुळे तुमच्या घरी तासाचे सव्वा तास झाले म्हणून रणकंदन नको. अँड्रॉइडवर डिजिटल वेलबीइंग, आयफोनवर स्क्रीन टाइम. दोन्हींत एकेका अॅपला मर्यादा लावता येते. फक्त सोशल मीडियाला लावा. क्लासचा व्हॉट्सअॅप ग्रुप त्यात कोंबलात तर पहिल्याच दिवशी ‘नोट्स मिळाल्या नाहीत’ म्हणून सगळं बंद करावं लागेल.

मिनिटांपेक्षा जागा महत्त्वाच्या. झोपायच्या आधीचा अर्धा तास, बाथरूम आणि कपडे बदलतानाचा आरसा, या तीन ठिकाणी फोन नको. चार्जर बाहेरच्या खोलीत, सगळ्यांचे फोन तिथेच, आईबाबांचेही. ‘मला अलार्म लागतो’ हे कारण येणारच; शे-दोनशे रुपयांचं गजराचं घड्याळ आधीच आणून ठेवा.

फोटो टाकायचाच असेल तर

गुढीपाडव्याची तलावपाळीवरची स्वागतयात्रा, दिवाळी पहाटेची राम मारुती रोडवरची गर्दी, नवरात्राचे नऊ रंग: ठाण्यातल्या मुलींसाठी हे वर्षातले सगळ्यात जास्त फोटोंचे दिवस. नऊवारी नेसून, नथ घालून काढलेला फोटो टाकायला बंदी करू नका. टाकण्याआधी लाईकचा आकडा झाका. पोस्ट करताना अॅडव्हान्स्ड पर्यायांत ती सोय असते. टाकल्यावर तासभर फोन बाजूला ठेवून बाहेर जायचं, शक्यतो त्याच मैत्रिणींबरोबर. दर दोन मिनिटांनी आकडा बघणं आणि कमी लाईक आले म्हणून फोटो काढून टाकणं, ही सवय मोडायची आहे. आदल्या रात्री फेशियल, ब्लीच आणि दिवसभर फक्त ताक असा बेत दिसला तर तिथे मात्र बोला.

क्रीमचा डबा एकदा उलटा करून वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एक नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. रंग उजळायला म्हणून चेहऱ्यावर महिनोन्महिने लावलं तर त्वचा पातळ होते, लाल पडते, पुरळ वाढतात. अचानक थांबवलं तरी चेहरा भडकतो, म्हणून ते त्वचारोगतज्ज्ञांना दाखवूनच सोडवा.

कुणी तिचा फोटो उचलून नग्न बनवला, किंवा खासगी फोटो पसरवायची धमकी दिली, तर पैसे द्यायचे नाहीत आणि घाबरून चॅट पुसायचं नाही. स्क्रीनशॉट, प्रोफाइलची लिंक, तारीख-वेळ जपा. 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, जवळच्या पोलीस ठाण्यातही जा. 18 वर्षांखालील मुलीचे असे फोटो मोठ्या अॅपवर पसरण्यापासून रोखायला ‘टेक इट डाऊन’ ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा अंकी ठसा तयार होतो. ‘असे फोटो काढलेसच कशाला’ हे वाक्य त्या रात्री गिळा.

घरगुती उपाय कुठे थांबवायचे

यांपैकी एकही गोष्ट दिसली तर सेटिंग बाजूला ठेवून डॉक्टर गाठा: सलग तीन महिने पाळी न येणं, चक्कर येऊन पडणं, एक-दोन महिन्यांत कपडे ढगळ होण्याइतकं वजन उतरणं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन नळ सोडणं, जुलाबाच्या गोळ्यांची पाकिटं सापडणं, हातावर कापल्याच्या खुणा, ‘मी नसते तर बरं झालं असतं’ अशी भाषा. ती शांत पडलेली असताना पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. 50 च्या खाली असेल तर उद्याची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. वजन ‘नॉर्मल’ असलेल्या मुलीलाही खाण्याचा गंभीर आजार असू शकतो, त्यामुळे ‘दिसते तर चांगली धडधाकट’ हा निकष नाही.

सुरुवात बालरोगतज्ज्ञ किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडून करा: वजन, उंची, नाडी, झोपून आणि उभं राहून रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तातले क्षार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत 15 ते 19 वयाच्या 59.1 टक्के मुलींना रक्तक्षय निघाला होता. थकवा, केसगळती आणि उतरलेला चेहरा याचं मूळ तिथेही असू शकतं. 12 च्या खाली हिमोग्लोबिन असलेल्या मुलीला जिमच्या रील्स दाखवून उपयोग नाही.

मनाच्या मदतीसाठी ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, आणि प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सरकारी दरात तपासणी होते. ‘मनोरुग्णालय’ या पाटीला घाबरून लोक मागे फिरतात. बाह्यरुग्ण विभाग म्हणजे केसपेपर काढून डॉक्टरांना भेटून घरी यायचं, इतकंच. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईकरांसाठी नेरुळचं डी. वाय. पाटील रुग्णालय आहे. रात्री-अपरात्री टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मुलीला स्वतःलाच कुणाशी बोलायचं असेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

पहिल्या भेटीला जाताना पाळीच्या गेल्या सहा महिन्यांच्या तारखा, शाळेच्या आरोग्य तपासणीतलं जुनं वजन-उंची, चालू असलेल्या गोळ्या-क्रीम आणि त्या रविवारचा रेघांचा कागद बरोबर घ्या. डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत सांगा की तिच्याशी थोडा वेळ एकटीशी बोला, आणि तुम्ही बाहेर बाकावर बसा. तिला आदल्या दिवशी सांगा, रिक्षात बसल्यावर नाही: ‘तू नीट जेवत नाहीस आणि चक्कर येते, म्हणून दाखवायला जातोय.’ मोबाईलचा उल्लेख तेव्हा करू नका; डॉक्टर विचारतील, आणि ती तुमच्यापेक्षा त्यांना जास्त खरं सांगेल.